टीव्हीतला पांढरा हात

मेहुण्याने घर बदललं की त्याची अडगळ आमच्या घरी येते. मागच्या खेपेला व्यायामाची सायकल आली, तिच्यावर आता आमचे टॉवेल वाळतात. या खेपेला एक पांढरा चपटा डबा आला, वायरींचा गुंता आला आणि मनगटाला अडकवायची दोरी असलेला एक लांबट रिमोट आला.

"भावोजी, गेम आहे," मेहुणा म्हणाला. "रिमोट हातात धरायचा आणि हात हलवायचा. तुम्ही हात फिरवला की टीव्हीतला माणूस हात फिरवतो."

"आणि चेंडू?"

"चेंडू टीव्हीत."

"बॅट?"

"बॅट म्हणजे हा रिमोट."

"टेनिसची रॅकेट?"

"तीही हाच."

"मघाशी तलवार म्हणालास, ती?"

"अहो भावोजी, सगळं हाच!"

माझं डोकं तिथेच फिरलं. मी सलूनवाला माणूस. आमच्याकडे कात्री ती कात्री, कंगवा तो कंगवा आणि वस्तरा तो वस्तरा. कंगव्याने कुणी दाढी करत नाही. एकच वस्तू आत्ता बॅट आणि घटकाभराने तलवार, हे मला काही केल्या पटेना. पण मेहुण्याला समजावून सांगायला वेळ नव्हता. त्याने उभ्याउभ्या चहा ढोसला आणि सटकला.

जाताजाता बहिणीला विचारून गेला, "ताई, तुझ्या कपबशा कुठे गेल्या? हे कसले जाडजूड मग?" आमच्या हिने मध्यंतरी सगळ्या कपबशा माळ्यावर टाकल्या होत्या. बशा फार फुटतात, म्हणाली. फुटलेली एकही बशी माझ्या पाहण्यात नव्हती. उलट त्या बशांतच खोट होती असं माझं मत होतं, कारण कप उचलला की बशी नुसती किणकिण वाजायची. पण बायकोच्या स्वयंपाकघरात नाक खुपसायचं नाही एवढी अक्कल मला आहे.

माझं सलून घरापासून हाकेच्या अंतरावर. दोन खुर्च्या. एक माझी, दुसरी माझ्या लेकीची. तिला आम्ही बारकी म्हणतो. उंचीने माझ्या डोक्यावरून गेली तरी बारकीच. केस कापण्यात तिचा हात माझ्यापेक्षा सरस आहे. हे तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, इथे बोलतो. दाढी मात्र माझी. वस्तऱ्याला मी तिला हात लावू दिला नव्हता. "बाबा, मला कधी?" ती विचारायची. "बघू," मी म्हणायचो. केस वाकडे कापले तर पुन्हा उगवतात. गळ्याचं तसं नाही.

आणि माझ्या दाढीची तारीफ मी करत नाही, लोक करतात. आमचे हेडसर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, इतकी वर्षं येतात. खुर्चीत बसले की डोळे मिटतात. वस्तरा गळ्यावर असताना घोरलेले मी ऐकलेत. "उस्ताद, तुमच्या हाताखाली झोप लागते," म्हणतात. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला कुणी द्यायचं?

तर त्या दिवशी दुकान बंद करून घरी आलो, तर मायलेकी जमिनीवर बसून वायरी सोडवत होत्या. टीव्हीवर एक काळी पट्टी ठेवायची होती.

"ही पट्टी आपल्याला बघते," बारकी म्हणाली.

मी पट्टी हातात घेऊन बघितली. डोळे कुठे दिसेनात.

"पट्टी नाही गं बघत," आमची ही पुस्तिकेत डोकं घालून म्हणाली. "रिमोट पट्टीला बघतो."

"म्हणजे कोण कुणाला बघतं? एकदा ठरवा."

"बाबा, तुम्ही कुणालाच बघू नका. नुसते उभे राहा."

मी उभा राहिलो. आपल्याच घरात, आपल्याच टीव्हीसमोर, परीक्षेला बसल्यासारखा.

आधी म्हणे टीव्हीत आपला बाहुला बनवायचा. डोळे निवडा, नाक निवडा, केस निवडा. केसांचे नमुने आले आणि माझं पित्त खवळलं. एकाचे कल्ले कानाच्या वर संपलेले, दुसऱ्याचा भांग डोक्याच्या मधूनही नाही आणि बाजूनेही नाही. "हे कापलंय कुणी? आणि अशा डोक्याने लोक हिंडतात?" असं म्हणून मी एकेक नमुना नापास करत गेलो. शेवटी कंटाळून हिने माझ्या बाहुल्याला टक्कल देऊन टाकलं. खोटं काही नव्हतं. सलूनवाल्याला टक्कल असू नये असा काही नियम नाही. पण बारकी जी हसत सुटली ती थांबेना.

पहिला खेळ बोलिंगचा. गोळा घरंगळत सोडायचा आणि समोरच्या बाटल्या पाडायच्या. त्यात आपला बाहुला पाठमोरा दिसतो. जन्मभर लोकांच्या माना मी मागून बघितल्या, स्वतःची पहिल्यांदाच बघत होतो. काही खास नव्हती.

"बटण दाबून धरा, हात मागे न्या, पुढे आणा आणि सोडा," बारकी म्हणाली.

मी दाबलं, मागे नेलं, पुढे आणलं आणि सोडलं. रिमोट सोडला. तो दोरीला लोंबकळून माझ्याच कोपरावर आपटला. आई गं! तर म्हणे रिमोट नाही, बटण सोडायचं होतं. पुस्तिकेत हे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, असं हिने नंतर सांगितलं. नंतर सांगण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

दुसऱ्या वेळी मात्र मी असा झोकात हात फिरवला की सगळ्या बाटल्या आडव्या. टीव्हीत फटाके उडाले. बारकीने शिट्टी मारली. मी उगाचच मिशीवरून हात फिरवला. वाटलं, अरे, जमतंय की!

खेळ संपला आणि पडद्यावर तो पांढरा हात आला. मनगटापर्यंतच असलेला, एक बोट पुढे काढलेला. रिमोट जिकडे रोखू तिकडे तो हात जातो. 'पुन्हा खेळा' असं लिहिलेल्या चौकोनावर तो न्यायचा आणि बटण दाबायचं. एवढंच. मी नेला. चौकोनावर गेला आणि तिथे थरथरायला लागला.

मी रिमोट घट्ट आवळला. पांढरा हात आणखी थरथरला. सैल धरला. तेच. माझी करंगळी सवयीने टेकायला जागा शोधत होती. दाढी करताना ती गिऱ्हाइकाच्या गालावर टेकलेली असते, इथे हवेत गाल कुठून यायचा? शेवटी वैतागून बटण दाबलं, तेव्हा पांढरा हात उडून शेजारच्या चौकोनावर गेला होता. आम्ही तिघंही गाईंच्या शर्यतीत जाऊन पोहोचलो. मी गाईवर बसून कुठे चाललो होतो ते मला अजूनही कळलेलं नाही.

"हे बिघडलंय," मी म्हणालो.

बारकीने रिमोट घेतला. पांढरा हात जागच्या जागी गप्प उभा राहिला.

"बघ, तापल्यावर चालतं वाटतं," मी म्हणालो आणि परत घेतला. परत थरथर. परत गाय.

बारकीने आईकडे बघितलं. आईने बारकीकडे बघितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय?" ही म्हणाली. "जेवायला बसा."

आता मी काही सोडणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी नव्या बॅटऱ्या आणल्या. खिडकीतलं ऊन पट्टीवर पडत असेल म्हणून पडदा ओढला. सोफा मागे सरकवला, मग पुढे सरकवला, मग होता तिथे ठेवला. पट्टी टीव्हीच्या वरून खाली आणली. पांढरा हात आपला थरथरतोच आहे. हल्ली वस्तूंचा दर्जाच राहिलेला नाही, हे माझं म्हणणं जुनंच होतं. दुकानाचं कुलूप घ्या. चांगल्या कंपनीचं, पण चावी म्हणून सरळ आत घेत नाही, चार ठिकाणी टोचावी लागते.

त्या संध्याकाळी बारकीने रिमोट घेतला आणि काय आश्चर्य, तिचाही पांढरा हात थरथरायला लागला! मग हिने घेतला. हिचा तर नाचायलाच लागला.

"बघा! बघा!" मी सोफ्यावरून उठलोच. "म्हणालो होतो की नाही? काल तुझ्या हातात चुकून चालला असेल."

"हो बाबा," बारकी म्हणाली. "रिमोटच खराब आहे."

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. का वाटलं, ते तेव्हा कळलं नाही. बिघडलेली वस्तू गळ्यात मारली म्हणून चिडायला हवं होतं, आणि मी खूश. मेहुण्याला फोन लावला आणि यथेच्छ झापला. म्हटलं, बहिणीच्या घरी भंगार टाकतोस?

"भावोजी, माझ्याकडे तर मस्त चालत होता तो," मेहुणा म्हणाला.

तेवढ्यात हिने माझ्या हातातून फोन घेतला, भाजी जळतेय का बघते म्हणत स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा मेहुण्याचा सूरच पालटलेला. "हां भावोजी, आठवलं. हलायचा तो. पहिल्यापासून हलायचा. सॉरी हं." भाजी काही गॅसवर नव्हती. मी म्हटलं, असेल बाबा, बहीणभावांचं काहीतरी.

पुढचे दिवस मात्र मजेत गेले. खरं सांगतो, आमच्या घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. रिमोट खराब आहे हे तिघांनी मान्य केल्यावर भांडणच मिटलं. पांढरा हात कुठल्या चौकोनावर जाऊन पडेल त्याचा नेम नसायचा. टेनिस खेळायला निघावं तर मासे पकडत बसायचं. कुणालाच काही नीट करता येत नव्हतं आणि कुणालाच त्याचं वाईट वाटत नव्हतं. मी बॉक्सिंगमध्ये हिच्या बाहुल्याला आडवा केला तेव्हा ही म्हणाली, "बरं झालं बाई, तुमची हौस टीव्हीतच भागली." बारकी हसून हसून जमिनीवर लोळली.

एक गोष्ट तेवढी खटकायची. दुकानातल्या केराच्या डब्यात मला फुटके फुगे सापडायला लागले. त्यांना साबणाचा फेस लागलेला. "हे काय?" म्हणून बारकीला विचारलं, तर म्हणाली, मैत्रिणीचा वाढदिवस होता. रोज कुठल्या मैत्रिणीचा वाढदिवस असतो? पण मुलगी मोठी झाली, किती विचारायचं. मी विषय सोडून दिला.

मग तो सुट्टीचा दिवस आला.

दुकानाचा जुना आरसा, कोपरा टिचलेला, आम्ही घरी बाहेरच्या खोलीत लावलाय. टीव्हीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. मी टीव्हीकडे पाठ करून आरशात बघत मिशी कातरत होतो. एका हातात कात्री, दुसऱ्या हाताचा अंगठा गालावर टेकवलेला. माझ्या मागे मायलेकी खेळत होत्या. एक चिंचोळा वळणावळणाचा रस्ता, त्यावरून पांढऱ्या हाताने एक गोटी न्यायची, कडेला लागली की खलास. त्या खेळात माझी गोटी सुरुवातीलाच मरायची.

न्हाव्याला पाठीमागे डोळे असतात असं गिऱ्हाइकं म्हणतात. डोळे कसले, आरसा असतो. उभा जन्म आरशात बघून गेला. कोण आलं, कोण गेलं, कुणी बाकावरचं वर्तमानपत्र हळूच पिशवीत घातलं, सगळं मी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून बघतो. घरच्यांनी हे विसरायला नको होतं.

आरशात मला दिसलं की बारकीचा पांढरा हात जरासुद्धा हलत नव्हता. गोटी पहिल्या वळणावरून गेली, दुसऱ्या वळणावरून गेली. मग तिने रिमोट आईला दिला. हिची गोटीही चालली, हळूहळू, पण सरळ. मला आनंदच झाला. रिमोट दुरुस्त झाला की काय?

मी मागे वळलो. त्याच क्षणी पांढरा हात थयथयाट करायला लागला आणि गोटी खाली.

"गेली मेली," ही म्हणाली.

मी परत आरशाकडे वळलो. हात स्थिर. पुन्हा वळलो. थरथर. क्षणभर मला खरंच वाटलं, या यंत्राला माझं तोंड बघवत नाही. तिसऱ्या वेळी मी वळलो नाही. नुसती मान किंचित हलवली, वळणार असल्यासारखी. आणि आरशात बघितलं, तर ही डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत घाईघाईने मनगट हलवत होती. मुद्दाम. आणि बारकी तिला कोपर मारून सांगत होती, इतकं नको.

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. अर्धी मिशी कातरायची राहिली.

नक्कल! माझ्या डोक्यात पहिला शब्द हाच आला. माझी नक्कल करतात दोघी. मी खेळतो तेव्हा हसतात, आणि मी नसताना बघा बाबा कसे करतात म्हणून हात हलवून दाखवत असतील. तळपायाची आग मस्तकात गेली. पण एक कोडं सुटेना. नक्कल करायची तर माझ्या पाठीमागे करायची. या तर माझ्या समोर करत होत्या, आणि पाठीमागे सरळ खेळत होत्या. असली उलटी नक्कल कुणी करतं का? मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. "मिशी?" ही मागून ओरडली. रस्त्याने लोक माझ्या अर्ध्या मिशीकडे बघत होते. बघोत.

रात्री भिंतीकडे तोंड करून झोपलो. सकाळी हिने चहा दिला. जाड मग, दोन्ही हातांनी धरायचा, खाली बशी नाही. मी मगाकडे बघत बसलो. मग हिच्याकडे बघितलं. ती पटकन ओट्याकडे वळली.

"बशा किती फुटल्या होत्या?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"काही नाही," मी म्हणालो आणि निघालो.

बारकी यायच्या आधी मला दुकानात पोहोचायचं होतं. कुलपाला चावी चार ठिकाणी टोचली. या खेपेला कुलपाकडे बघितलं नाही, चावीकडे बघितलं.

दिवे लावले. वस्तरा काढला, उघडला, माझ्याच आरशासमोर उभा राहिलो आणि तो हवेत धरला. कुठेही न टेकवता. असा मी तो कधीच धरला नव्हता, धरायची वेळच येत नाही. आरशातला वस्तरा थरथरायला लागला. पात्यावर पडलेला दिव्याचा उजेड भिंतभर नाचत होता.

मग मी करंगळी खुर्चीच्या पाठीवर टेकवली. थरथर थांबली. उचलली. सुरू. टेकवली. बंद.

इतके दिवस मी समजत होतो माझा हात स्थिर आहे. स्थिर होता तो गिऱ्हाइकाचा गाल.

भीती वाटली. सरळ सांगतो, वाटली. मी खुर्चीला धरून उभा राहिलो. बशांत खोट नव्हती, कुलपात खोट नव्हती, रिमोटात तर नव्हतीच. आणि त्या दोघींना हे माझ्या आधी कळलं होतं. मला कळू नये, निदान मी एकटाच तसा आहे असं मला वाटू नये, म्हणून एवढे दिवस दोघी टीव्हीसमोर मनगटं हलवत बसल्या होत्या. आणि मी आनंदाने उड्या मारत होतो, बघा बघा म्हणून. मी तोंडावर पाणी मारून घेतलं.

बारकी आली. तिने माझ्या अर्ध्या मिशीकडे बघितलं आणि कंगवा उचलला. तिच्यामागोमाग हेडसर आले.

"काय उस्ताद, ही नवी फॅशन का?" त्यांनी मिशीकडे बोट दाखवलं, छडी कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या खुर्चीत बसून डोळे मिटले.

मी गरम पाणी घेतलं. ब्रश फिरवला. फेस छान आला. ब्रश टेकूनच फिरतो, त्याची काही अडचण नाही. टॉवेल सारखा केला. मग वस्तरा उचलला.

करंगळी टेकवली की झालं. रोजच्यासारखी दाढी झाली असती, कुणाला काही कळलं नसतं. पण ती करंगळी गालापर्यंत पोहोचेस्तोवर वस्तरा हवेत असतो. ते दोन वितींचं अंतर मी जन्मभर हिशेबातच धरलं नव्हतं. आता आरशात मला तेवढंच दिसत होतं. खाली हेडसरांचा गळा, मिटलेले डोळे, आणि वर ते थरथरणारं पातं. शेजारच्या खुर्चीपाशी बारकी हातात कंगवा घेऊन उभी होती. आरशात आमची नजरानजर झाली. तिने श्वास रोखून धरला होता. आणि मला एकदम उमगलं, ती रोजच असा श्वास रोखून धरत असणार.

मी वस्तरा खाली ठेवला.

"हेडसर, जरा उठता का?"

त्यांनी एक डोळा उघडला. "असा? फेस लावलेला?"

"बाकावर बसा थोडा वेळ. फेस वाळला तर परत लावतो."

"उस्ताद, तब्येत बरी आहे ना?"

"बघू," मी म्हणालो.

हेडसर पांढऱ्याफेक तोंडाने बाकावर जाऊन बसले आणि मी माझ्या खुर्चीत बसलो. या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. पाय ठेवायची पट्टी डुगडुगते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बारकी, इकडे ये. फेस लाव मला."

ती जागची हलली नाही. "बाबा, कशाला?"

"दाढी करायची माझी. वस्तऱ्याने."

"आज नको."

"रोज कधी, कधी म्हणून विचारतेस ना? आज. ते फुगे वाढदिवसाचे नव्हते ना?"

तिने मान खाली घातली. "फेस लावून त्यांच्यावर वस्तरा फिरवायचे. तुमचा नाही, दुसरा आणला होता."

"फुटतात का अजून?"

"शेवटचे नाही फुटले."

"मग ये."

ती आली. फेस लावायला लागली. ब्रश गार पडला होता. मी आरशातून तिच्याकडे बघत राहिलो.

"तो रिमोट हलवायची अक्कल कुणाची? तुझी की आईची?"

ब्रश थांबला. "आईची," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला डॉक्टरकडे कसं न्यायचं ते तिला सुचत नव्हतं. दुकानात यांचा जीव आहे, म्हणाली. कळलं तर खचतील. पहिल्या दिवशी मी नीट खेळले तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता, तुम्हाला नाही माहीत."

"संध्याकाळी जाऊ डॉक्टरकडे," मी म्हणालो. "तिघंही. आणि त्या बशा माळ्यावरून काढ म्हणावं, वाजल्या तर वाजल्या. आता माझा वस्तरा घे."

तिने घेतला, उघडला. माझ्या गालाकडे आणला आणि वाटेतच थांबली. आरशात तो वस्तरा लटलट हलत होता.

"हे पण सोंग का?" मी विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. बाकावर हेडसर फेसासकट बसले होते.

"करंगळी टेकव," मी म्हणालो.

तिची ओली, गार करंगळी माझ्या गालावर टेकली. वस्तरा थांबला.

मी डोळे मिटले.